मॅनेज्ड कुबरनेटीस घेतल्यावर आपल्याकडे नेमकं काय उरतं? (ॲमेझॉनचं ईकेएस, गूगलचं जीकेई, ॲझ्युअरचं एकेएस)

जुळे_सोलापूर (धागाकर्ता)

पंढरपूर-अक्कलकोट भागातल्या भक्तनिवास आणि वाहनतळ बुकिंगची एक प्रणाली सोलापुरातून चालवली जाते. बारा सर्व्हिसेस, एक पोस्टग्रेस डेटाबेस, एक रेडिस (मेमरीतला डेटासाठा), सगळं सध्या दोन मशिनवर डॉकर कंपोजमध्ये (कंटेनर एकत्र चालवायचं साधं साधन). एरवी लोड नगण्य. आषाढीच्या आधीचे दोन आठवडे आणि जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या वेळी तो एकदम चढतो. हे सगळं ईकेएसवर, म्हणजे ॲमेझॉनने सांभाळलेल्या कुबरनेटीसवर (मशिनच्या क्लस्टरवर कंटेनर चालवणारी प्रणाली), मुंबई रीजनमध्ये न्यायचं ठरतंय. एम५ लार्ज नोड (क्लस्टरमधली मशिनं), तीन झोनमध्ये (रीजनमधली वेगवेगळी डेटा सेंटरं) तीन /२४ सबनेट (आयपी पत्त्यांचे गट) असा पहिला आराखडा आहे.

विचारायचं असं की कंट्रोल प्लेनचे (क्लस्टरचा कारभार बघणाऱ्या भागाचे) पैसे भरले म्हणजे कोणती जबाबदारी खरोखर त्यांच्याकडे जाते? सबनेट पुरतील का? गर्दी चढली की ऑटोस्केलिंग वेळेत पोचतं का? आणि व्हर्जन अपग्रेड सक्तीचं असतं म्हणतात, ते सणासुदीच्या मध्येच आलं तर काय करायचं? ज्यांनी मोठे क्लस्टर सांभाळले आहेत त्यांनी तपशिलात लिहावं, ही विनंती.

---

विजापूर_वेस

आधी हद्द आखून घ्या, निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

ईकेएसमध्ये कंट्रोल प्लेन ॲमेझॉनच्या स्वतःच्या खात्यात चालतं. किमान दोन एपीआय सर्व्हर (क्लस्टरला येणारी प्रत्येक सूचना घेणारे) आणि तीन झोनमध्ये पसरलेले तीन एटसीडी (क्लस्टरच्या सगळ्या नोंदी ठेवणारा डेटाबेस). तुमच्या सबनेटमध्ये त्यांची फक्त नेटवर्क इंटरफेस दिसतात, त्यांच्यावाटे एपीआय सर्व्हर तुमच्या नोड्सशी बोलतो. एटसीडीत लिहिलेली प्रत्येक नोंद तिघांपैकी दोघांनी डिस्कवर पक्की केल्याशिवाय मान्य होत नाही, म्हणून डिस्क मंदावली की अख्खं क्लस्टर मंदावतं. ती डिस्क, बॅकअप, डीफ्रॅग, मेलेला सदस्य बदलणं, सर्टिफिकेट फिरवणं, लोड वाढला की एपीआय सर्व्हर मोठे करणं ही कामं त्यांची. स्वतःचं क्लस्टर उभं करणारे लोक सगळ्यात जास्त याच कामांनी हैराण होतात. ताशी ०.१० डॉलर, म्हणजे महिन्याला साधारण ७३ डॉलरमध्ये हे सुटत असेल तर तो सौदा चांगलाच आहे.

बाकी सगळं तुमचं. नोडवरची ऑपरेटिंग सिस्टिम कधी बदलायची, आयपींचा हिशेब, पॉडच्या (कंटेनर चालवायच्या सगळ्यात लहान एककाच्या) रिक्वेस्ट म्हणजे त्याने मागितलेली सीपीयू-मेमरी, डीएनएस, इन्ग्रेस (बाहेरचा ट्रॅफिक आत घेणं), वेबहुक, व्हॉल्यूम (डिस्क), आणि एटसीडीत काय भरायचं तेसुद्धा. हा शेवटचा मुद्दा लोकांच्या लक्षातच येत नाही. एटसीडीची जागा साधारण ८ जीबीपर्यंतच. ती भरली की डेटाबेस लिहिणं नाकारतो: चालू पॉड चालत राहतात, पण नवीन काहीही तयार होत नाही. भरतं कशाने? पूर्ण होऊन पडून राहिलेले जॉब, कोणीतरी सोडून दिलेली कस्टम रिसोर्सेस, प्रत्येक डिप्लॉयमेंटमागे डीफॉल्टने राहणारे दहा जुने रेप्लिकासेट (आधीच्या आवृत्त्यांच्या नोंदी), हेल्मच्या (ॲप क्लस्टरवर बसवायच्या साधनाच्या) जुन्या रिलीजची सीक्रेट्स. जॉबला 'टीटीएल सेकंड्स आफ्टर फिनिश्ड' (संपलेला जॉब किती सेकंदांनी पुसायचा) द्या आणि 'रिव्हिजन हिस्टरी लिमिट' तीनवर आणा.

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे कंट्रोल प्लेन काही काळ गेलं तरी चालू पॉड आणि त्यांच्यावरचा ट्रॅफिक तसाच राहतो. तेवढा वेळ नवं शेड्युलिंग, स्केलिंग आणि मेलेल्या पॉडचा पत्ता यादीतून काढणं थांबतं.

कंट्रोल प्लेनचे लॉग डीफॉल्टने बंद असतात. एपीआय, ऑडिट, ऑथेंटिकेटर, कंट्रोलर मॅनेजर, शेड्युलर असे पाच प्रकार आहेत. त्यातले ऑडिट आणि ऑथेंटिकेटर पहिल्या दिवशीच चालू करा. 'हा नेमस्पेस कोणी उडवला' (नेमस्पेस म्हणजे क्लस्टरमधला कप्पा) याचं उत्तर फक्त ऑडिट लॉगमध्ये मिळतं.

---

चिंचोळी_एमआयडीसी

बारा सर्व्हिसेससाठी कुबरनेटीस हवंच आहे का, हे एकदा विचारा. ईसीएसला (ॲमेझॉनचीच साधी कंटेनर सेवा) कंट्रोल प्लेनचे वेगळे पैसे नाहीत. फार्गेट (मशीन न सांभाळता कंटेनर चालवायची सोय) घेतलं तर नोडच नाहीत, मग अपग्रेड, ड्रेन (नोड रिकामा करणं), ऑटोस्केलर हा विषयच उरत नाही. गूगलकडचं क्लाउड रनही याच जातकुळीतलं. टीममध्ये क्लस्टर सांभाळायला दोन जण नसतील तर माझं मत स्पष्ट आहे: ईसीएस घ्या.

---

जुळे_सोलापूर

मुद्दा रास्त आहे. पण दोन संस्थांनी आपापल्या डेटा सेंटरमध्ये हीच प्रणाली बसवून मागितली आहे. एकच हेल्म चार्ट दोन्हीकडे चालावा म्हणून कुबरनेटीस. सांभाळायला दोघं आहेत.

---

चिंचोळी_एमआयडीसी

मग कुबरनेटीसच बरोबर. कारण पटलं.

---

कंबर_तलाव

आराखड्यातले तीन /२४ सबनेट आजच खोडा. मॅनेज्ड क्लस्टर स्केल करताना माणसं सगळ्यात आधी आयपीत अडकतात, सीपीयूची वेळ नंतर येते.

/२४ मध्ये २५६ पत्ते. त्यातले पाच ॲमेझॉन राखून ठेवतं, राहिले २५१. ईकेएसच्या नेहमीच्या व्हीपीसी सीएनआयमध्ये (व्हीपीसी, म्हणजे क्लाउडमधल्या तुमच्या खाजगी नेटवर्कमधून पॉडना पत्ते देणारा भाग) प्रत्येक पॉडला सबनेटमधलाच खरा आयपी मिळतो. एम५ लार्जला तीन नेटवर्क इंटरफेस, प्रत्येकावर दहा पत्ते. इंटरफेसचा पहिला पत्ता पॉडला देत नाहीत, म्हणून पॉडची मर्यादा ३ × (१० − १) + २ = २९. शेवटचे दोन होस्ट नेटवर्कवर चालणाऱ्या पॉडसाठी धरलेले. टी३ मीडियमला याच सूत्राने १७. या २९ मध्ये क्यूब-प्रॉक्सी, सीएनआयचा पॉड, लॉग गोळा करणारा एजंट सगळे आले. तुमच्या ॲपला चोवीस-पंचवीस जागा उरतात.

आता पत्ते कसे जातात ते बघा. सीएनआय डीफॉल्टने एक पूर्ण इंटरफेस 'गरम' ठेवतो, म्हणजे नोडवर चारच पॉड असले तरी दोन इंटरफेस जोडलेले आणि वीस पत्ते अडकलेले. बारा नोड आले की २४० गेले. नोड पूर्ण भरलेले असतील तर प्रत्येकी तीस, म्हणजे आठ नोडमध्येच एका झोनचा सबनेट आटोपला. त्याच सबनेटमधून लोड बॅलन्सरला (ट्रॅफिक वाटणाऱ्याला) किमान आठ मोकळे पत्ते लागतात, क्लस्टर अपग्रेडच्या वेळी पाचपर्यंत लागतात. पत्ते संपल्यावर पॉड 'कंटेनर क्रिएटिंग'मध्ये अडकून बसतो. सीपीयू मोकळा, मेमरी मोकळी, ऑटोस्केलरच्या दृष्टीने नोड निरोगी. त्यामुळे लोक तासभर भलतीकडेच शोधत राहतात. अशा वेळी थेट 'कुबसीटीएल डिस्क्राइब पॉड' करून शेवटच्या ओळी वाचा. आयपी देता आला नाही असं तिथे सरळ लिहिलेलं असतं.

उपाय असा. व्हीपीसी १०.२०.०.०/१६ घ्या आणि प्रत्येक झोनला नोड-पॉडसाठी /१९ द्या. एका /१९ मध्ये ८,१८७ वापरण्याजोगे पत्ते, तीन झोनचे मिळून साडेचोवीस हजार. लोड बॅलन्सरचे सार्वजनिक सबनेट वेगळे आणि छोटे, /२४ चे चालतील. मग सीएनआयमध्ये प्रीफिक्स डेलिगेशन चालू करा: सुट्या पत्त्याऐवजी /२८ चा, म्हणजे सोळा पत्त्यांचा गठ्ठा मिळतो आणि एम५ लार्जवर ११० पॉडची मर्यादा ठेवता येते. दोन अटी आहेत. मशीन ॲमेझॉनच्या नायट्रो पिढीचं हवं. आणि सोळा पत्ते सलग मोकळे हवेत. जुन्या, वापरून चाळण झालेल्या सबनेटमध्ये शेकडो सुटे पत्ते असूनही सलग सोळा सापडत नाहीत आणि गठ्ठा मिळत नाही. म्हणून हे नव्या सबनेटवर, सुरुवातीलाच करायचं.

ज्या दोन संस्थांच्या डेटा सेंटरशी व्हीपीएन जोडणार आहात, त्यांच्या आतल्या रेंज आधी मागवून घ्या. सगळीकडे १०.०.०.०/१६ असतं आणि रूटिंगच्या दिवशी कळतं की दोन्हीकडे तेच पत्ते आहेत. पॉडसाठी १००.६४.०.० ची दुय्यम रेंज जोडून कस्टम नेटवर्किंग करता येतं, पण नवीन क्लस्टरला ती कसरत नको.

---

विजापूर_वेस

कंबर_तलाव यांना शंभर टक्के अनुमोदन. गूगल आणि ॲझ्युअरवर गणित वेगळं आहे, ते नोंदवून ठेवतो.

जीकेईत प्रत्येक नोडला डीफॉल्ट ११० पॉडसाठी आख्खा /२४ तोडून देतात. त्यामुळे पॉडची रेंज /२० घेतली तर ४,०९६ भागिले २५६, म्हणजे फक्त सोळा नोड. सतरावा येत नाही. नोडमागे ३२ पॉड पुरत असतील तर तसं आधी सांगा, मग /२६ जातो आणि त्याच रेंजमध्ये चौसष्ट नोड बसतात. एकेएसमध्ये ओव्हरले नेटवर्क घ्या: पॉडचे पत्ते व्हीनेटमधून (ॲझ्युअरवरचं खाजगी नेटवर्क) जात नाहीत आणि नोडमागे २५० पॉडपर्यंत जाता येतं.

ॲझ्युअरचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यात आहे, म्हणून 'सोलापूरला जवळ' असा युक्तिवाद कानावर येतो. पुणे अडीचशे किलोमीटर, मुंबई चारशे. फायबरमध्ये दीडशे किलोमीटरच्या फरकाला जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद लागतात. त्यावरून रीजन ठरवू नका. टीमला काय येतं आणि डेटाबेस कुठे आहे, यावरून ठरवा.

---

सात_रस्ता

ऑटोस्केलिंग वेळेत पोचतं का, यावर.

शेड्युलर (पॉडसाठी नोड निवडणारा) प्रत्यक्ष वापर बघतच नाही, फक्त रिक्वेस्ट बघतो. हे एसटीच्या आरक्षणासारखं आहे: सीट रिकामी दिसली तरी चार्टवर नाव असेल तर दुसऱ्याला मिळत नाही. म्हणून रिक्वेस्ट खोटी लिहिली की पुढचं सगळं चुकतं. जास्त लिहिली तर नोड दहा टक्क्यांवर चालतात आणि बिल चढतं. कमी लिहिली तर एका नोडवर पॉड कोंबले जातात आणि गर्दीच्या वेळी एकमेकांचा गळा धरतात. एम५ लार्जवर २ व्हीसीपीयू म्हणजे वाटायला २,००० मिलिकोअर मिळतील असं धरू नका. क्यूबलेटसाठी (नोडवरचा कारभारी प्रोग्राम) ७० जातात, उरतात १,९३०. मेमरीतून २५५ एमबी अधिक पॉडमागे ११ एमबी, म्हणजे २९ पॉडला ५७४ एमबी बाजूला पडतात, वर १०० एमबी इव्हिक्शनची (मेमरी संपत आली की पॉड हुसकण्यासाठीची) राखीव.

एचपीए (पॉडची संख्या कमी-जास्त करणारा) टक्केवारी काढतो तीही रिक्वेस्टच्याच प्रमाणात. सूत्र साधं: सहा पॉड, लक्ष्य ६० टक्के, प्रत्यक्ष ९०, म्हणजे ६ × ९० ÷ ६० = ९ पॉड. रिक्वेस्ट दिलीच नसेल तर सीपीयूवरचा एचपीए चालतच नाही, 'अननोन' दाखवत बसतो.

आता वेळेची बेरीज करा. मेट्रिक्स सर्व्हर दर १५ सेकंदांनी मोजतो, एचपीए दर १५ सेकंदांनी बघतो. नवे पॉड पेंडिंगमध्ये गेले की क्लस्टर ऑटोस्केलर (नोड वाढवणारा) दर १० सेकंदांनी फेरी मारतो. मग मशीन मागवणं, बूट होणं, क्लस्टरला जोडलं जाणं, कंटेनरची इमेज ओढणं, ॲप सुरू होऊन रेडिनेस प्रोब (ॲप तयार आहे का ही तपासणी) पास होणं. कोऱ्या नोडवर दीड जीबीची इमेज असेल तर सगळं मिळून तीन-चार मिनिटं धरा. कार्पेंटर (दुसरा एक नोड ऑटोस्केलर) वापरला तर मशीन मागवण्याचा टप्पा लहान होतो, कारण तो नोड ग्रुपच्या मागे न लागता थेट योग्य आकाराचं मशीन घेतो. बूट आणि इमेजचा वेळ मात्र तोही वाचवू शकत नाही.

हळूहळू चढणाऱ्या लोडला हे चालतं. आषाढीचं बुकिंग ठरलेल्या तारखेला सकाळी आठला उघडणार असेल तर चालणार नाही, तिथे पहिल्या मिनिटातच सगळे येतात. तारीख तर पंचांगात छापलेली आहे! आदल्या रात्री क्रॉनजॉबने (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामाने) एचपीएचं 'मिन रेप्लिकाज' (पॉडची किमान संख्या) वाढवा, गर्दी सरली की खाली आणा. जोडीला राखीव जागा ठेवा: काहीच न करणाऱ्या पॉज इमेजचे पॉड, प्रत्येकी अर्धा नोड अडवतील अशा रिक्वेस्टचे, प्रायॉरिटी ऋण. खरा पॉड आला की शेड्युलर त्यांना हुसकावून जागा देतो आणि हुसकलेल्यांसाठी ऑटोस्केलर मागे नवा नोड आणतो. प्रायॉरिटी −१० च ठेवा. त्याखाली गेलात तर क्लस्टर ऑटोस्केलर त्या पॉडना खिजगणतीत धरत नाही आणि त्यांच्यासाठी नोड आणत नाही.

इमेज ईसीआरमध्ये (ॲमेझॉनचं इमेजचं कोठार), त्याच रीजनला ठेवा आणि एस३ चा (ॲमेझॉनची फाइल साठवण) गेटवे एंडपॉइंट जोडा. ईसीआरचे थर एस३ मधूनच येतात आणि त्या एंडपॉइंटला पैसे नाहीत. नसेल तर प्रत्येक इमेज नॅट गेटवेतून (खाजगी नेटवर्कमधून बाहेर जायची वाट) दर जीबीला पैसे देत येते. डॉकर हबवरून थेट ओढत असाल तर सगळे नोड एकाच नॅटच्या आयपीमागे असतात. एकदम वीस नोड आले की हबची मर्यादा लागते आणि 'इमेज पुल बॅकऑफ' दिसतो, तोही नेमका गर्दीच्या तासाला.

---

जुळे_सोलापूर

हे फार उपयोगाचं आहे. लिमिटचं काय? रिक्वेस्टच्या दुप्पट लिमिट द्यावी असं बऱ्याच ठिकाणी वाचलं.

---

सात_रस्ता

मेमरीला रिक्वेस्ट आणि लिमिट सारखी ठेवा. लिमिट ओलांडली की कर्नल प्रोसेस मारतो, एक्झिट कोड १३७. दुप्पट लिमिट म्हणजे नोडवर सगळ्यांनी एकदम हात पसरले तर कोण मरेल हे नशिबावर सोडणं.

सीपीयूची गोष्ट निराळी. लिमिट १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत मोजली जाते. ५०० मिलिकोअर म्हणजे दर खिडकीत ५० मिलिसेकंद. चार कोअरच्या नोडवर ॲपचे चार थ्रेड एकदम धावले तर साडेबारा मिलिसेकंदांत कोटा संपतो आणि उरलेले साडेसत्याऐंशी मिलिसेकंद पॉड गप्प उभा. सरासरी सीपीयू चाळीस टक्के दिसतो आणि पेज मात्र अडखळतं. म्हणून स्वतःच्या क्लस्टरवर, स्वतःच्या सर्व्हिसेससाठी रिक्वेस्ट नीट द्या आणि सीपीयू लिमिट काढून टाका, असं माझं मत. अनोळखी लोकांचा कोड चालवत असाल तर लिमिट हवी.

---

होटगी_रोड

दोन गोष्टी अजून कोणी लिहिल्या नाहीत.

पहिली डीएनएस. पॉडच्या रिझॉल्व्ह फाइलमध्ये 'एनडॉट्स ५' असतं. पेमेंट गेटवेच्या पत्त्यात दोनच टिंबं असतील तर आधी क्लस्टरची शेपटं जोडून शोध होतो: नेमस्पेसचं, एसव्हीसीचं, क्लस्टर लोकलचं, मग ॲमेझॉनचं अंतर्गत. चारही नकार आल्यावर पाचवा खरा प्रश्न. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ वेगवेगळे, म्हणजे एका नावामागे दहा प्रश्न. ईकेएसमध्ये कोअरडीएनएसचे (क्लस्टरचा स्वतःचा डीएनएस) सुरुवातीला दोनच पॉड असतात आणि व्हीपीसीचा रिझॉल्व्हर एका नेटवर्क इंटरफेसवरून सेकंदाला १,०२४ पॅकेटच घेतो, त्यापुढचे गळतात. लक्षण असं की सगळं ठीक चाललेलं असताना मधूनच वापरकर्त्याची एखादी रिक्वेस्ट पाच सेकंद लटकते, कारण रिझॉल्व्हर पाच सेकंदांनी पुन्हा विचारतो. बाहेरच्या पत्त्यांच्या शेवटी टिंब द्या किंवा डिप्लॉयमेंटमध्ये 'एनडॉट्स २' करा, कोअरडीएनएस वेगवेगळ्या नोडवर पसरवा, आणि नोडलोकल डीएनएस कॅशे बसवा. तिन्ही करा.

दुसरी वेबहुक. पॉलिसी तपासणारं किंवा साइडकार (पॉडमधला जोडीचा कंटेनर) घुसवणारं काही बसवलं की प्रत्येक पॉड तयार होताना एपीआय सर्व्हर त्याला विचारतो. 'फेल्युअर पॉलिसी' जर 'फेल' असेल आणि त्या वेबहुकचाच पॉड मेलेला असेल, तर क्लस्टरमध्ये एकही नवा पॉड होत नाही, वेबहुकचा स्वतःचासुद्धा. सगळे नोड एकदम बदलताना ही गाठ हमखास बसते. क्यूब-सिस्टिम आणि वेबहुकचा स्वतःचा नेमस्पेस त्या नियमातून वगळा, किमान दोन रेप्लिका ठेवा, टाइमआउट डीफॉल्ट दहा सेकंद असतो तो दोन-तीनवर आणा.

---

इंजिनीअरिंग_तिसरं_वर्ष

दादा, एक शंका. मूळ कुबरनेटीसची मर्यादा ५,००० नोड आहे असं अभ्यासात आहे. मग गूगल ६५,००० आणि ॲमेझॉन १,००,००० नोडचं क्लस्टर म्हणतात ते कसं?

---

होटगी_रोड

चांगला प्रश्न आहे. ५,००० नोड, नोडमागे ११०, एकूण १,५०,००० पॉड हे आकडे प्रकल्पाने तपासून जाहीर केलेले आहेत. कोडमध्ये तिथे भिंत नाही, पण त्यापुढे ठरवलेला वेग टिकेल याची हमी प्रकल्प देत नाही.

अडचण कुठे येते ते समजून घे. प्रत्येक नोड दर दहा सेकंदांनी आपली लीज नवी करतो. ५,००० नोड म्हणजे नुसत्या 'मी जिवंत आहे' या नोंदीच सेकंदाला ५००, आणि प्रत्येक नोंद एटसीडीत बहुमताने लिहिली जाते. एटसीडीचा लिहिणारा नेता एकच असतो. सदस्य वाढवले की लिहिणं उलट मंदावतं, कारण बहुमत मोठं होतं. गूगलने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ६५,००० नोड जाहीर केले तेव्हा एटसीडीच्या जागी स्पॅनर या स्वतःच्या डेटाबेसवर उभारलेला साठा घातला होता. ॲमेझॉनने २०२५ च्या जुलैमध्ये १,००,००० जाहीर केले, त्यातही मुख्य बदल एटसीडीच्या पोटातच आहे. वरचा एपीआय तोच, खालचं कोठार बदललं.

दुसरी अडचण पसरण्याची. पूर्वी एका सर्व्हिसमागच्या सगळ्या पॉडचे पत्ते एकाच एंडपॉइंट्स ऑब्जेक्टमध्ये असत. ५,००० पॉड असले तर तो दीड एमबीचा. एक पॉड बदलला की आख्खा ऑब्जेक्ट प्रत्येक नोडला. ३,००० नोड धरले तर एका बदलाला साडेचार जीबी नेटवर्कवर. एंडपॉइंटस्लाइस आल्यावर शंभर-शंभर पत्त्यांचे तुकडे झाले आणि बदललेला तुकडाच जातो. तो १.२१ मध्ये स्टेबल झाला.

आणि तिसरी, जी पन्नास नोडवरही चावते: लिस्ट कॉल. प्रत्येक नोडवर डेमनसेटचा एजंट आहे आणि तो सुरू होताना 'सगळे पॉड दे' म्हणतो. नवी आवृत्ती टाकली, सगळे एजंट एकदम उठले, एपीआय सर्व्हर ४२९ (फार विनंत्या आल्या) देऊ लागला. एजंटला फक्त आपल्या नोडचे पॉड मागायला लावायचं आणि डेमनसेटचा रोलआउट हळू ठेवायचा.

---

नवी_पेठ

वर सगळं पॉडबद्दल झालं, पण बुकिंगची प्रणाली अडकणार आहे पोस्टग्रेसपाशी. बारापैकी सहा सर्व्हिसेस डेटाबेसशी बोलतात असं धरू. प्रत्येकीत दहा जोडण्यांचा पूल. दोन-दोन रेप्लिका असताना १२० जोडण्या. एचपीएने प्रत्येकीच्या दहा रेप्लिका केल्या की ६००. पोस्टग्रेसचं 'मॅक्स कनेक्शन्स' मूळचं १०० असतं आणि प्रत्येक जोडणी म्हणजे एक वेगळी प्रोसेस. डेटाबेस मंद झाला की वापरकर्त्यांच्या रिक्वेस्ट लांबतात. रिक्वेस्ट लांबल्या की थांबलेल्या रिक्वेस्टच्या संख्येवर किंवा प्रतिसादाच्या वेळेवर स्केल करणारा एचपीए आणखी पॉड आणतो, ते आणखी जोडण्या मागतात. ऑटोस्केलिंगनेच डेटाबेस बुडतो.

मध्ये पीजीबाउन्सर (जोडण्या वाटून देणारा मध्यस्थ) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये बसवा: वरून हजार जोडण्या, खाली पोस्टग्रेसला चाळीस-पन्नास. या मोडमध्ये सेशनला चिकटलेल्या गोष्टी चालत नाहीत: सेशन पातळीची ॲडव्हायजरी लॉक, 'लिसन', ट्रान्झॅक्शनबाहेरचं 'सेट'. प्रीपेअर्ड स्टेटमेंट लागत असतील तर १.२१ किंवा पुढची आवृत्ती घ्या. आणि एचपीएचं 'मॅक्स रेप्लिकाज' डेटाबेस किती झेपवतो त्यावरून ठरवा, नोड किती परवडतात त्यावरून नको.

डेटाबेस क्लस्टरच्या आत ठेवायचा विचार असेल तर एवढं ध्यानात घ्या की ईबीएस व्हॉल्यूम (ॲमेझॉनची डिस्क) एकाच झोनचं असतं. स्टोरेज क्लासला 'वेट फॉर फर्स्ट कन्झ्युमर' (पॉडची जागा ठरेपर्यंत थांबा) दिलं नाही तर व्हॉल्यूम एका झोनमध्ये तयार होतं, पॉडला जागा दुसऱ्या झोनमध्ये असते आणि पॉड पेंडिंगमध्येच राहतो. मी तर पोस्टग्रेस बाहेर, मॅनेज्डच ठेवायला सांगेन.

---

कंबर_तलाव

अपग्रेडचं राहिलं.

ईकेएसमध्ये एका मायनर आवृत्तीला १४ महिने साधा पाठिंबा, पुढे १२ महिने एक्स्टेंडेड. एक्स्टेंडेडमध्ये ताशी ०.१० चे ०.६० डॉलर होतात, म्हणजे महिन्याला ७३ ऐवजी ४३८. तेही संपलं की कंट्रोल प्लेन त्यांच्या सोयीने वर चढवलं जातं. जीकेईत रिलीज चॅनलनुसार आपोआप अपग्रेड येतं. तिथे मेंटेनन्स विंडो आणि एक्सक्लूजन लावून आषाढीचे दिवस बाहेर काढता येतात. तुम्ही वर्षातून दोनदा स्वतःहून करा: एकदा गड्डा आटोपल्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये, एकदा पावसाळा सरता सरता. कार्तिकी येण्याआधी हात मोकळे हवेत.

क्रम असा. आधी काढून टाकलेले एपीआय शोधा. १.२२ मध्ये इन्ग्रेसचा व्ही१ बीटा१ गेला, १.२५ मध्ये पॉड सिक्युरिटी पॉलिसी गेली, आणि दोन्ही वेळा जुने चार्ट आडवे पडले. ईकेएसच्या अपग्रेड इनसाइट्समध्ये कोण जुना एपीआय वापरतंय ते दिसतं. मग कंट्रोल प्लेन एकावेळी एकच मायनर वर, मग सीएनआय, कोअरडीएनएस, क्यूब-प्रॉक्सी ही ॲडऑन, शेवटी नोड. १.२८ पासून क्यूबलेट एपीआय सर्व्हरच्या तीन मायनर मागे असला तरी चालतो, त्यामुळे नोडसाठी घाई नाही. कंट्रोल प्लेन मागे आणता येईल असं गृहीत धरून काहीही करू नका. आधी स्टेजिंग क्लस्टरवर करा.

नोड बदलताना अडतं ते पीडीबीवर (एका वेळी किती पॉड काढू द्यायचे याचा नियम). एकच रेप्लिका आणि 'मिन अव्हेलेबल १' असेल तर काढायला परवानगी शून्य, ड्रेन जागच्या जागी थांबतो. ईकेएसचा मॅनेज्ड नोड ग्रुप १५ मिनिटं वाट बघून 'पॉड इव्हिक्शन फेल्युअर' देतो आणि अपग्रेड तिथेच फसतं. जीकेई पीडीबीचा मान तासभर राखतं, मग पॉड काढतंच. अपग्रेडआधी 'कुबसीटीएल गेट पीडीबी' सगळ्या नेमस्पेसमध्ये चालवून 'अलाउड डिसरप्शन्स' शून्य असलेली प्रत्येक ओळ निस्तरा: रेप्लिका दोन करा, पीडीबीत 'मॅक्स अनअव्हेलेबल १' लिहा. एकाच पॉडवर दोन पीडीबी लागू होत असतील तरी इव्हिक्शन एररच देतं. चार्टमध्ये एक आणि हाताने लावलेला एक, असं होतं बऱ्याचदा.

---

जुळे_सोलापूर

सबनेट /१९ करून आराखडा बदलला, पीजीबाउन्सरही घातला. शेवटची शंका: चाचणी क्लस्टरवर प्रत्येक डिप्लॉयच्या वेळी काही सेकंद ५०२ एरर येतात. रेडिनेस प्रोब आहे, रेप्लिका तीन आहेत, तरीही.

---

विजापूर_वेस

जुना पॉड काढताना दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात, एकमेकींची वाट न बघता: पॉडला सिगटर्म (बंद व्हायचा इशारा) जातो, आणि पॉडचा पत्ता यादीतून काढण्याची बातमी नोड्स आणि लोड बॅलन्सरकडे निघते. ॲप सिगटर्म मिळताच बंद होतं, बातमी पोचायला काही सेकंद लागतात, आणि मधल्या वेळात आलेल्या रिक्वेस्ट बंद दारावर आपटतात. रेडिनेस प्रोबचा इथे संबंध नाही.

'प्री स्टॉप'मध्ये १५ सेकंदांचा स्लीप द्या, म्हणजे तेवढा वेळ ॲप चालूच राहून रिक्वेस्ट घेत राहील. टर्मिनेशन ग्रेस पीरियड डीफॉल्ट ३० सेकंद असतो आणि प्री स्टॉपचा वेळ त्यातूनच जातो. तो ६० करा. एएलबी (ॲमेझॉनचा लोड बॅलन्सर) थेट पॉडच्या आयपीवर पाठवत असेल तर टार्गेट ग्रुपचा डीरजिस्ट्रेशन डिले ३०० सेकंद असतो, तो ३० वर आणा.

एवढं करूनही ५०२ राहिले तर डॉकरफाइलमधला सीएमडी (ॲप सुरू करणारी ओळ) बघा. तो चौकटी कंसांच्या यादीत न लिहिता साध्या ओळीत लिहिला असेल तर पहिली प्रोसेस शेल असते आणि सिगटर्म तुमच्या ॲपपर्यंत पोचतच नाही. ग्रेस संपल्यावर सिगकिल (जबरदस्तीने बंद करणं) येतो आणि हातातल्या रिक्वेस्ट तुटतात. तपासायला सोपं आहे: पॉड डिलीट करा आणि घड्याळ लावा. दर वेळी बरोबर ग्रेस पीरियडइतकाच वेळ लागत असेल तर शेलच आडवा येतोय.

---

जुळे_सोलापूर

शेलच होता. सीएमडी यादीत लिहिला, प्री स्टॉप १५ आणि ग्रेस ६० केला. आता लोड चालू ठेवून डिप्लॉय केलं तरी ५०२ दिसत नाही. पुढचा टप्पा पॉज पॉड आणि मिन रेप्लिकाजचा क्रॉनजॉब. त्यात काही अडलं तर इथेच विचारतो.